खडूची फुली

नफिसाला डॉक्टर व्हायचं होतं आणि अब्बांची त्यासाठी एकच अट होती. वाटेल ते शीक, मुडदे फाड, हाडं मोज, पण ते नादपट नावाचं कापड तू स्वतःच्या अंगावर घ्यायचं नाहीस. का म्हणून विचारलं की ते उठून कामाला लागायचे. दोन वर्षं तिनं ही अट निभावली, कधी तापाचं निमित्त सांगून तर कधी रोज्यांचं. आता मात्र कॉलेजची नोटीस हातात पडली होती. येत्या तेवीस तारखेपर्यंत तिनं 'स्वनाद' दिला नाही, म्हणजे त्या कापडाखाली झोपून स्वतःच्या शरीराचा आवाज नोंदवला नाही, तर तिची पूर्ववैद्यक शाखा बंद. पदवी मिळेल, पण संगीत आणि इतिहासाची. डॉक्टरकीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

ही पूर्ववैद्यक भानगड सतार गल्लीत कुणाला धड समजलीच नव्हती. बारावीनंतरच्या एका जीवघेण्या परीक्षेवर डॉक्टर निवडायचं बंद होऊन आठ वर्षं झाली होती. आता आधी चार वर्षांची मुक्तविद्या पदवी घ्यायची, तिच्यात पूर्ववैद्यक हा मुख्य विषय, आणि जोडीला इतिहास, गायन, तत्त्वज्ञान. ते पार पडलं की मग वैद्यकीय महाविद्यालय. नफिसा सकाळी तंबोरा लावून भूपाचे आलाप घ्यायची आणि दुपारी काचेच्या बरणीतलं माणसाचं हृदय हातात धरायची. शेजारच्या खैरूनखाला दर चार दिवसांनी विचारायच्या, पोरी, तू डॉक्टर होणार का गाणारीण, एकदा काय ते ठरव. अब्बा मात्र त्या गायनाच्या विषयावरच राजी झाले होते. वाद्यं करणाऱ्याच्या घरातली मुलगी, निदान सूर तरी सुटायचा नाही, एवढंच त्यांनी पाहिलं.

अब्बा म्हणजे गनीमियाँ. मिरजेत त्यांच्या हातचा तुंबा म्हटलं की गवई दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसत. सतारीचा तो गोल तुंबा भोपळ्याचा असतो. भीमेकाठचे कडू भोपळे यायचे, माळ्यावर वर्षभर वाळायचे, मग अब्बा एकेक मांडीवर घेऊन त्याला कान टेकवायचे आणि दोन बोटांच्या पेरांनी वाजवायचे. आत केसाएवढी चीर असली तरी आवाज बसका येतो, ओलसर येतो. तसा आला की अब्बा चकार शब्द काढत नसत. भोपळा उलटा करून बुडाला खडूनं फुली मारायची, खाली महिना आणि साल लिहायचं, आणि माळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ठेवून द्यायचा. वर्षभर त्याला वाजवायचं नाही, कारण ठोकल्यानं चीर धावते. काहींची चीर दुसऱ्या उन्हाळ्यात मिटते, मग फुली पुसतात. आणि फुली मारल्याचं तोंडानं सांगायचं नाही, ना गिऱ्हाइकाला, ना घरच्यांना. बोललं की तडा जातो, असं अब्बांचे आजोबा म्हणायचे, आणि घरात ती काळ्या दगडावरची रेघ होती.

या कामात नफिसाचा कान सहाव्या वर्षापासून तयार. संध्याकाळी काम आटोपलं की अब्बा तिला तिच्या छोट्या लाकडी स्टुलावर बसवायचे, तिच्या पाठीला कान लावायचे, पेरांनी टकटक करायचे आणि म्हणायचे, माझा भोपळा पिकला का बघू. ती हसून लोटपोट व्हायची. ती नऊ वर्षांची असताना अम्मी गेली. रोट्या लाटता लाटता छातीत कळ आली आणि संपलं. त्यानंतरही अब्बांनी तो खेळ चालू ठेवला होता. चौदाव्या वर्षी तो एकाएकी बंद पडला. आता पोरगी मोठी झाली, म्हणून असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. ते स्टूलही त्याच सुमारास दिसेनासं झालं. मोडलं, असं अब्बा म्हणाले होते.

आता त्या नादपटाविषयी सांगायला हवं. दिसायला ते एखाद्या दुलईएवढं राखाडी कापड. त्याच्या विणीत सहाशे बारीक कान बसवलेले. शरीर कधी गप्प नसतं. रक्त नसांना घासत जातं, हृदयाच्या झडपा आपटतात, आतडी कुरकुरतात. कापड हे सगळं ऐकतं, शिवाय आपल्याला ऐकू न येणारी एक बारीक शीळ आत सोडतं आणि तिचा पडसाद मोजतं. धडधाकट नसेची भिंत एका तऱ्हेनं थरथरते, ताणून पातळ झालेली दुसऱ्या तऱ्हेनं. त्यावरून कुठली नस फुगतेय, कुठली फाटायला आलीय, हे कापडाला वर्ष दोन वर्षं आधी कळतं.

कळतं, पण ते सांगत नाही, इथंच सगळी गोम होती. नादपट नवं आलं त्या वर्षी ते सगळंच सांगायचं. बघता बघता दवाखान्यांपुढं रांगा लागल्या. ज्यांच्या नसा म्हातारपणापर्यंत बिनबोभाट टिकल्या असत्या तेही भिऊन ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपले, आणि त्यातले कितीतरी उठलेच नाहीत. त्या वर्षाला लोक अजून घबराटीचं साल म्हणतात. मग समिती बसली आणि कापडाला एक उंबरठा घालून दिला. धोका त्या उंबरठ्याच्या वर गेला तरच पडदा तांबडा होणार, खाली असेल तर हिरवा. तरण्या पोरांसाठी उंबरठा आणखी उंच ठेवला, कारण त्यांचे आईबाप फार लवकर हबकतात. तेव्हापासून बहुतेक सगळ्यांचा पडदा हिरवाच यायचा आणि लोक निर्धास्त घरी जायचे.

प्रयोगशाळा होती केळुसकर मॅडमची. बाई साठीच्या, आवाजाला धार, आणि जुन्या वळणाच्या. त्या पडद्यावर टॉवेल टाकून ठेवायच्या आणि कापडानं टिपलेला आवाज मुलांना हेडफोनमधून ऐकवायच्या. आधी कान, मग पडदा, हा त्यांचा नियम. मुलं बिचारी पाच-पाच मिनिटं डोळे मिटून बसायची आणि शेवटी अंदाजपंचे काहीतरी ठोकून द्यायची. नफिसाला मात्र तिथं घरच्यासारखं वाटायचं. तिच्या कानाला सवय होती.

आवाज ऐकायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई श्रीपतीमामा. वय अठ्ठावन्न, पोट सुटलेलं, तोंड अखंड चालू. दर गुरुवारी ते शर्ट काढून कापडाखाली आडवे व्हायचे आणि म्हणायचे, घ्या, उघडा तुमचं पुस्तक. मुलांचा भारी जीव होता त्यांच्यावर.

जानेवारीतल्या एका गुरुवारी नफिसानं हेडफोन लावला आणि दोन्ही हातांनी तो कानांवर घट्ट दाबला. मामांच्या बेंबीच्या वर, खोल, एक बसका आवाज होता. ओलसर. चिरलेल्या भोपळ्याचा हा आवाज तिनं शंभर वेळा ऐकला होता. तिनं पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. तेवढ्यात मॅडमनी टॉवेल काढला. पडदा हिरवागार. निर्दोष. मामा उठून बसले, शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, काय डॉक्टरीणबाई, आहे ना अजून दम? सगळे हसले.

नफिसाही हसली. आणि मग तिनं जे केलं ते तिच्या घरातल्या माणसानंच केलं असतं. तिनं वहीचं मागचं पान उघडलं, एक छोटी फुली काढली, खाली महिना आणि साल लिहिलं, आणि वही मिटली. बोलली नाही. पुढच्या गुरुवारी मामांचं कापड लावायची पाळी तिची होती, तर तिनं डोकं दुखतंय म्हणून ती दुसऱ्याला दिली. फुली मारलेला वाजवायचा नसतो.

बाराव्या दिवशी दुपारी श्रीपतीमामा प्रयोगशाळेच्या खिडकीत ते कापड झटकत होते. झटकता झटकता खाली बसले, म्हणाले, पाठीत भरून आलंय. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचा रंग चुन्यासारखा झाला होता. वाटेतच गेले. पोटातली मोठी नस फुटली होती.

त्या दिवसापासून नफिसाच्या जेवणातली चव गेली. सकाळी तंबोरा जुळवायला बसली की खर्जाच्या तारेत तिला तो बसका आवाज ऐकू यायचा. आपल्याला माहीत होतं, आपल्याला माहीत होतं, एवढंच डोक्यात. रस्त्यानं चालताना पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघून तिला भीती वाटायची. याच्या आत काय असेल, आणि मला ऐकू आलं तर मी काय करणार?

आठवड्यानं मॅडमनी सगळ्यांच्या वह्या तपासायला घेतल्या आणि तिला एकटीला बोलावलं. मागचं पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"ही फुली कसली?"

मॅडमनी खणातून एक निबंध काढला. पहिल्या वर्षी इतिहासाच्या वर्गात सगळ्यांना आपापल्या घरच्या धंद्यातल्या चालीरीतींवर लिहायला सांगितलं होतं. नफिसानं खडूच्या फुलीवर लिहिलं होतं, आणि निबंध इतका गाजला होता की सगळ्या प्राध्यापकांनी वाचला होता.

"जे निबंधात लिहिलंस ते माझ्या प्रयोगशाळेत केलंस," मॅडम म्हणाल्या.

"मला वाटलं, मिटेल," नफिसा म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

मॅडम तिच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ओरडण्याऐवजी त्या गुरुवारचं ध्वनिमुद्रण काढलं, यंत्राचा उंबरठा शून्यावर आणला आणि पुन्हा चालवलं. पडद्यावर हिरव्यात एक लाल ठिपका उमटला, बेंबीच्या वर. कापडानंही ऐकलं होतं. धोका उंबरठ्याच्या जरासा खाली भरला, म्हणून ते गप्प बसलं होतं. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं की मला स्वतःला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नव्हतं. मामांना सांगितलं असतं तर ते वाचले असते का, तेही मी छातीठोक सांगू शकत नाही. कदाचित टेबलावर गेले असते.

"पण काय करायचं ते मामांनी ठरवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "तू आणि या यंत्रानं मिळून ते परस्पर ठरवून टाकलंत."

जाताना त्यांनी तिला तेवीस तारखेची आठवण करून दिली. दुसऱ्याच्या छातीला कान लावायचा तर आधी स्वतः कापडाखाली झोपून बघितलं पाहिजे, या नियमाला सूट नाही. नफिसानं मान डोलावली. खरं सांगायचं तर आता तिला अब्बांच्या अटीची गरजच उरली नव्हती. त्या कापडाखाली जायला आता ती स्वतःच तयार नव्हती. संगीताची पदवी काय वाईट आहे, असं ती स्वतःला समजावू लागली होती. गाणं शिकवू. कुणाच्या पोटातलं काही ऐकायला नको.

एकवीस तारखेला ती दुपारीच घरी आली. अब्बा एका तंबोऱ्याच्या कामानं सांगलीला गेले होते, उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजाच्या सुमारास येणार होते. ती माळ्यावर चढली. तिला फक्त एक गोष्ट बघायची होती. उजव्या कोपऱ्यातल्या किती भोपळ्यांच्या फुल्या पुसल्या गेल्यात? मिटतात, खरंच मिटतात, एवढं डोळ्यांनी दिसलं असतं तर तिला पुरलं असतं.

कवडशातून धूळ तरंगत होती. भोपळे ओळीनं उलटे ठेवलेले. ती वाकून एकेक बघत गेली. दोनाच्या फुल्या पुसलेल्या होत्या, बाकीच्या तशाच. ओळीच्या शेवटी, पार भिंतीशी, भोपळा नसलेलं काहीतरी होतं. तिनं ते उजेडात ओढलं. तो अम्मीचा पाट होता, ज्यावर बसून ती रोट्या करायची. पालथा ठेवलेला. खाली फुली, आणि अब्बांच्या अक्षरात, ऑगस्ट ३२.

अम्मी गेली ती पुढच्या एप्रिलमध्ये. नफिसानं बोटांवर महिने मोजले. आठ महिने. अब्बांना आठ महिने आधी ठाऊक होतं.

पाटामागं आणखी काहीतरी होतं. तिला ते बघायचं नव्हतं, तरी तिनं हात घातला. हाताला ओळखीचा गुळगुळीत पाय लागला. तिचं स्टूल. कुठं मोडलेलं नव्हतं, चारी पाय जागच्या जागी. तिनं ते पालथं केलं. फुली. मार्च ३८.

ती तिथंच भोपळ्यांच्या मधे बसली. आता ती वीस वर्षांची होती, म्हणजे ही फुली सहा वर्षं तिच्या डोक्यावर, याच माळ्यावर होती. तिनं डाव्या मनगटाभोवती उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी वळवून पाहिली. दोन्ही बोटं एकमेकांवर सहज चढली. शरीररचनेच्या पुस्तकात हे होतं. उंच बांधा, लांबच लांब बोटं, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नसेची भिंत जन्मापासून कच्ची, आणि रोग आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. परीक्षेसाठी तिनं हे पाठ केलं होतं आणि दहापैकी दहा मिळवले होते. अम्मीची बोटंही अशीच होती. सतारीसाठीच घडवलीत अल्लानं, असं सगळी गल्ली म्हणायची. स्टूल होतं तिथं ठेवावं, खाली जावं, चहा टाकावा, काही बघितलंच नाही असं करावं, असं तिच्या मनात आलं. स्टूल परत भिंतीशी सरकवण्यासाठी तिनं हात पुढंही केला. मग तिला श्रीपतीमामा आठवले, शर्टाची बटणं लावणारे.

अब्बा आले तेव्हा ती खाली त्यांच्या कारखान्यात त्याच स्टुलावर बसली होती आणि पाट तिच्या मांडीवर होता. अब्बांनी ते बघितलं आणि ते दारातच थिजले. घरात एरवी त्यांची दखनी बोली चालायची, पण गंभीर बोलणं निघालं की अब्बा मराठीवर येत, गिऱ्हाइकाशी बोलावं तसे. आजही तेच झालं.

"वर कशाला गेलीस?"

"काय ऐकलंत तुम्ही, अब्बा?"

ते खाली बसले. रंध्याच्या पात्यावर बोट फिरवत राहिले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, तुटक तुटक. अम्मीच्या पाठीला थट्टेनं कान लावला होता एकदा. ठोक्यांच्या मधे सुसकारा येत होता, भाता फाटल्यासारखा. त्यांनी पाटाला फुली मारली. तिला म्हणाले काही नाहीत. वर्षभर थांबायचं असतं, मिटतात काही. एप्रिलमध्ये ती गेली तेव्हा त्यांना वाटलं की आपण ऐकलं म्हणून गेली, कान लावलाच नसता तर गेली नसती. आणि मग एका मार्चच्या संध्याकाळी तोच सुसकारा या स्टुलावर बसलेल्या पोरीच्या पाठीतून आला.

"वर्ष झाल्यावर पुन्हा ऐकायचं असतं," नफिसा म्हणाली. "ऐकलंत का?"

"हातच उचलला गेला नाही." अब्बांचे डोळे भरून आले होते. "सहा वर्षं मी माळ्यावर चढतो ते भोपळे बघायला नाही, बेटा. ती फुली पुसायला जातो आणि तशीच ठेवून खाली येतो."

नफिसाला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तितकीच कीवही. तिनं विचारलं, कापडाला नको का म्हणालात? अब्बा म्हणाले, ते बोलेल म्हणून. एकदा तोंडातून निघालं की खरं होतं.

"ते बोलत नाही, अब्बा," ती म्हणाली. "ते अगदी तुमच्यासारखं आहे. आणि मीही तशीच निघाले." मग तिनं त्यांना श्रीपतीमामांची सगळी हकीकत सांगितली, वहीतल्या फुलीसकट. अब्बा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तिनं एवढंच सांगितलं की तेवीस तारखेला मी कापडाखाली झोपणार, आणि हेडफोन तुम्ही लावायचा.

तेवीस तारखेला अब्बा ईदची शेरवानी घालून आले. प्रयोगशाळेत पाऊल टाकताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, काढायची गरज नव्हती तरी. खिडकीपाशी श्रीपतीमामांची खुर्ची रिकामी होती. मॅडमना नफिसानं आदल्या दिवशीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी दुसऱ्या कुणाला आत येऊ दिलं नाही. पडद्यावर टॉवेल होता, आणि स्वनादाच्या नियमाप्रमाणे यंत्राचा उंबरठा होता तसाच ठेवलेला.

नफिसा आडवी झाली. कापड अंगावर पडलं तेव्हा तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते जड निघालं, आणि गार. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त स्वतःचे ठोके कानशिलात आपटत होते. ती छताच्या पंख्याकडं बघत होती. मॅडमनी अब्बांना हेडफोन कसा लावायचा ते दाखवलं. अब्बांनी डोळे मिटले, मान थोडी डावीकडं कलली, भोपळा मांडीवर घेतल्यावर कलते तशी. दोन मिनिटं गेली. त्यांचा उजवा हात शेरवानीच्या खिशात गेला. तिथं खडूचा तुकडा असतो, हे नफिसाला माहीत होतं.

मॅडमनी टॉवेल काढला.

पडदा हिरवा होता. निर्दोष.

हिरवा म्हणजे काय ते ठाऊक असूनही नफिसाच्या जिवात जीव आला. लाज सोडून सांगायचं तर ती आनंदानं रडायच्या बेतात होती. मिटली. सहा वर्षांत मिटली. स्वनाद दिला गेला, शाखा राहिली, आता उठायचं आणि घरी जायचं. तिनं अब्बांकडं मान वळवली. अब्बा हिरव्या पडद्याकडं बघत होते. त्यांनी आता एक शब्द बोलायची गरज नव्हती, यंत्रानंच त्यांची सुटका केली होती. मुलगी हसतमुखानं उठली असती, आणि खिशातला खडू खिशात राहिला असता.

त्यांनी हेडफोन काढला. खिशातून हात बाहेर काढला, खडूचा तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी घसा खाकरला.

"तडा आहे," अब्बा म्हणाले.

कापडाखालून हात बाहेर काढून नफिसानं त्यांचं बोट धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं. मॅडमनी हिरव्या पडद्याकडं एकदा बघितलं, त्याच्याकडं पाठ केली, आणि कागद पुढं ओढून विचारलं, कुठं?

"मधल्या हाडाच्या मागं. जरा डावीकडं. तेव्हापेक्षा वाढलाय."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. अब्बांचा आवाज इतका बारीक होता की त्यांना शेवटचं नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सांगायला सांगितलं.

अब्बांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं.